देवभाताचं आवतन

अन्नपूर्णाबाईंना राग आला की त्यांचा आवाज खाली जातो. इतरांचा चढतो, यांचा उतरतो. साधा राग असला तर समोरच्याला थोडं पुढे वाकून ऐकावं लागतं. मोठा असला तर नुसते ओठ हलताना दिसतात. छत्तीस वर्षांच्या संसारात मधुकररावांनी ओठांवरून राग ओळखायची विद्या कमावली होती. गेल्या ऋषिपंचमीला भर दुपारी त्यांनी ताटावरून मान वर केली, तर बाईंचे ओठ हलत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मधुकररावांनी हातातला घास हातातच ठेवला.

चूक तशी त्यांचीच होती. ऋषिपंचमीला बाईनं बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगर लागलेल्या जमिनीतलं काही ताटात घ्यायचं नाही. म्हणून त्या दिवशी परसातली भाजी, कंदमुळं आणि देवभात. देवभात म्हणजे तळ्याच्या काठी आपला आपण उगवणारा, कुणी न पेरलेला तांबूस तांदूळ. अन्नपूर्णाबाई सहा वर्षं तो समुद्रपूरच्या बंडूजींच्या दुकानातून आणत होत्या. आणि मधुकरराव होते एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. छापलेलं काहीही दिसलं की ते मोठ्यानं वाचायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. ताटाशेजारी देवभाताची रिकामी पिशवी पडली होती. ती त्यांनी उलटी केली आणि खणखणीत आवाजात घोषणा केली, "आधुनिक ट्रॅक्टरने नांगरट केलेल्या निवडक शेतांमधून!"

बाईंच्या तोंडात त्या वेळी पाचवा घास होता.

दुसऱ्या दिवशी त्या बंडूजींच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. बंडूजींना काही ऐकू आलं नाही, पण मुद्दा कळला.

"काऊन घाबरता मामी? ट्रॅक्टरनं नांगरलं नं! बैलाचा त वासही नाई. बैलाच्या कष्टाचं नाई पाह्यजे म्हन्ता, मंग बैल घरीच बसून राह्यला ना तिथं!"

आता या माणसाला काय म्हणावं? बैलाच्या जागी ट्रॅक्टर जुंपला म्हणून नांगर काय देवाचा होतो? उद्या हा म्हणेल, एकादशीला साबुदाणा संपला होता म्हणून वडापाव दिला, पण तळलाय उपासाच्या तेलात! सहा वर्षं बाईंनी दर पंचमीला सप्तऋषींसमोर हात जोडून सांगितलं होतं की महाराज, नांगराचं खाल्लं नाही. सहा वर्षं खोटं! आणि येतं वर्ष सातवं, म्हणजे उद्यापनाचं. सात सवाष्णी जेवायला घालून व्रत पुरं करायचं. घरी येऊन बाईंनी तुळशीसमोर तळहातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला: पुढच्या पंचमीला ताटात पडेल तो देवभात माझ्या हातचा असेल. त्याला बैल नाही, ट्रॅक्टर नाही, नांगर तर नाहीच नाही.

"जमीन कुठून आनशीन?" मधुकररावांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. त्यांच्यापाशी बोरतळ्याच्या नव्या ले-आऊटमध्ये दीड हजार फुटांचा प्लॉट, त्यावर घर, आणि उरलेल्या जागेत तुळस व स्कूटर. शिवाय सगळा मुलूख कपाशीचा. इथं धान म्हटलं की लोक भंडाऱ्याच्या दिशेला बोट दाखवतात.

तोडगा काढला समोरच्या घरातल्या दीपमालानं. दीपमाला शेतीखात्यात नोकरीला, दिवसभर बांधाबांधानं फिरणारी. तिनं मोबाईलवर बांगलादेशातले तरंगते वाफे दाखवले. पाण्यातलीच वनस्पती कुजवायची, बांबूच्या तराफ्यावर पसरायची, त्यावर रोपं लावायची. बोरतळ्याचा तलाव जलपर्णीनं इतका भरला होता की नवखा माणूस त्याला मैदान समजून क्रिकेट खेळायला उतरला असता.

"आमच्यात हे व्रत नाई काकू," दीपमाला म्हणाली, "पन कंपोस्ट आहे. तुमाले नांगर नाई पाह्यजे, मले तलावातून जलपर्णी काढून पाह्यजे. दोघींचंही काम होते." देवभाताचं रानटी बी तिनंच मागवलं, भंडाऱ्याकडच्या एका ओळखीच्या बाईकडून, तळ्यात हातानं झोडून गोळा केलेलं.

जलपर्णी काढायला बाई स्वतः पाण्यात उतरल्या, नऊवारीचा काचा मारून. सकाळी सूर्याला अर्घ्य द्यायचं आणि त्याच पाण्यातून दोन भारे ओढायचे. चार आठवड्यांत घरामागे छातीएवढा ढीग झाला. ढीग लवकर कुजावा म्हणून शेणकाला टाकायचा असतो, असं दीपमालानं सांगितलं. बाईंनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. शेण कुणाचं? मग ताक टाकायचं ठरलं, तर शेजारच्या रंभाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "गाईचं ताक नोका टाकू बाप्पा. गाय म्हंजे बैलाची माय! मायच्या कष्टाचं चालते का?"

हा मुद्दा बाईंनाही सुचला नव्हता. दोन दिवस त्या बेचैन होत्या. शेवटी म्हशीचं ताक आणि गूळ, यावर शास्त्र आणि शेतीखातं यांचा समझोता झाला.

हा मुद्दा काढणाऱ्या रंभाबाईच पंधरा दिवसांनी नाकाला पदर लावून सगळ्या ले-आऊटला सांगत फिरल्या की अन्नपूर्णाबाईंच्या घरामागे काहीतरी मेलं आहे. वास होता, नाही असं नाही. पण वास कुणाच्या घरात नसतो? रंभाबाईंच्या घरची सुकी मासोळी श्रावणातसुद्धा भिंतीपलीकडून आपली ओळख देत असे, तेव्हा बाईंनी कधी ब्र काढला होता? त्या मुकाट्यानं ढीग उलटत राहिल्या. एका जपाला एक फावडं, रोज एकशे आठ फावडी. महिन्या-दोन महिन्यांत त्या ढिगाचं काळंभोर, मऊ, पहिल्या पावसानंतरच्या अंगणासारखं वास देणारं खत झालं. तेव्हा रंभाबाई गुलाबाच्या कुंडीसाठी एक टोपलं मागायला आल्या. बाईंनी दिलं. नुसतं दिलं. त्या देण्यात काय काय होतं, ते रंभाबाईंना कळायला हवं होतं, पण कळलं नाही.

तराफे मधुकररावांनी बांधले. बांबू, सुतळी आणि कबाड्याकडचे रिकामे प्लास्टिकचे डबे. असे दोन तराफे तयार झाले. त्यांना त्यांनी फलाट क्रमांक एक आणि फलाट क्रमांक दोन अशी नावं दिली आणि एक रजिस्टर उघडलं. वाऱ्यानं तराफा सरकला की 'प्रस्थान', परत आला की 'आगमन', आणि बाईंनी काही विचारलं की 'चौकशी'.

पण तलावात तराफा सोडायचा तर ग्रामपंचायतीची परवानगी हवी. तिथले सचिव मुकेशसाहेब. माणूस सभ्य, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीला रकाना लागे.

"शेती म्हनाव त सातबारा पाह्यजे," ते म्हणाले. "पान्याचा सातबारा कुठून आनू?"

"मग शेती नका म्हणू," बाई म्हणाल्या.

"काय म्हनता?"

मधुकररावांनी वाक्य मोठ्यानं पुन्हा सांगितलं. पूर्ण संभाषण असंच झालं.

"होडी म्हनाव, त ते चालत नाई, थांबून राह्यते. शिवाय होडी म्हटलं की बुडू नये म्हून जाकीट घाला लागते, बसनाऱ्यानं."

"बसनार कोन? धान बसनार!" मधुकररावांनी बाईंचं म्हणणं पोचवलं.

"धानाले जाकीट..." सचिव खरोखर विचारात पडले. मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांना बोलावलं. ते म्हणाले, मासा असता तर आमचा होता, पण भात आमच्याकडे येत नाही. पाच फेऱ्या झाल्या. अधिक महिना लागला तेव्हा बाईंना वाटलं, देवानंच हा महिना त्या कार्यालयासाठी घातला असावा. पोळा पुढे गेला, पंचमी पुढे गेली, रोपांना तेवढी सवड मिळाली.

सहाव्या फेरीला मुकेशसाहेबांना रकाना सापडला. परवानगी मिळाली ती 'गणेशोत्सवानिमित्त तात्पुरता मंडप' या नावाखाली. मुदत अनंत चतुर्दशीपर्यंत. अट क्रमांक चार: ध्वनिक्षेपकाचा आवाज मर्यादेत ठेवावा. अर्जदाराच्या जागी नाव होतं मधुकररावांचं, कारण रकाना 'कुटुंबप्रमुख' असा होता.

ज्या बाईच्या घरात प्रेशर कुकरसुद्धा दबकत शिट्टी देतो, तिला आवाजाची अट! आणि पाण्यात उतरली कोण? एकशे आठ फावडी मारली कुणी? बाईंचे ओठ तळ्यापर्यंत हलत होते.

रोपं लावली, आणि रोपांनी मात्र कुणाचंही मन मोडलं नाही. आधी बोटभर, मग वीतभर, मग कमरेएवढी. हिरव्या तलावाच्या मधल्या मोकळ्या पाण्यात दोन तराफे डुलायचे. बघायला माणसं यायला लागली. प्रत्येकजण एक सल्ला देऊन जाई. कुणी म्हणालं युरिया टाका, कुणी म्हणालं बुजगावणं लावा, एकानं विचारलं, पाण्यातच आहे तर वरून पाणी का घालता? एक वार्ताहरही आला. बाईंनी त्याला चहा दिला, व्रत समजावून सांगितलं, ट्रॅक्टरबद्दलची आपली मतं दिली. आठवड्यानं पेपरात फोटो आला: 'सेवानिवृत्त मधुकररावांचा तरंगता चमत्कार!' खाली बारीक अक्षरात, 'पत्नीची मोलाची साथ'. पत्नीला नाव नव्हतं. मधुकररावांनी सवयीनं बातमी मोठ्यानं वाचायला घेतली आणि तिसऱ्या ओळीला त्यांना खोकला आला. तो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरला.

भाद्रपद तोंडावर आला. देवभाताच्या लोंब्या तांबूस होऊन वाकल्या. मधुकररावांनी दोन्ही फलाट दोरानं ओढून काठाशी आणले आणि 'आगमन' लिहिलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी दीपमाला विळा घेऊनच आली.

"काकू, आजच कापा. रानटी जात हाय, पिकली की झडते. हे घरी वाट पाहनारं धान नाई."

बाईंनी बोटं मोजली. "आज चतुर्दशी. उद्या अमावास्या. उद्यापनाचं धान्य अमावास्येच्या तोंडावर कसं कापू गं? परवा प्रतिपदा आहे, सकाळी सहा चौपन्नला."

"धानाले पंचांग वाचता येत नाई काकू!"

"मला येतं," बाई म्हणाल्या.

इतकं हळू म्हणाल्या की दीपमालानं विळा पिशवीत घातला.

त्याच संध्याकाळी काठावर बापूराव भेटले. बापूरावांचा बैल साहेब्या, पांढराशुभ्र, मानेला घट्टे पडलेला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकायचे, पळसाच्या पानानं, आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं, अशी पद्धत. बापूरावांची घरवाली माहेरी आष्टीला गेली होती.

"बाई, तुमीच द्या नं आवतन. तुमच्या तोंडून गेलं त साहेब्याचं सोनं होईन."

बाई अडखळल्या. वर्षभर त्यांनी बैलाची सावली टाळली होती. पण आवतन द्यायला नाही म्हणणं म्हणजे दारचा पाहुणा परत पाठवणं. आणि जनावराची मान तर पाहा! जू वाहून वाहून चामडं कसं झालेलं. त्यांनी पळसाच्या पानानं तूप लावलं आणि साहेब्याच्या कानाशी तोंड नेऊन हलकेच म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

साहेब्यानं कान हलवला. दहा पावलांवर फलाट क्रमांक एक वाऱ्यावर डुलत होता.

दुसऱ्या दिवशी पोळा. सकाळपासून गावातले बैल आंघोळीला तलावावर. बाईही आल्या होत्या, लोंब्यांवर नजर ठेवायला. फक्त एक अडचण होती. दर अमावास्येला सूर्य माथ्यावर येईस्तोवर त्यांचं मौन असे. बावीस वर्षांत एकदाही मोडलेलं नव्हतं. आजारपणात नाही, लेकीच्या लग्नाच्या धांदलीत नाही. एकदा गॅस सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा त्यांनी सगळं हातवाऱ्यांनी सांगितलं होतं.

बापूरावांनी साहेब्याला पोटापर्यंत पाण्यात घातला, पाठ घासली, आणि शिंगं रंगवायचा डबा आणायला काठावर वळले. साहेब्यानं मान उचलली. हवा हुंगली. आणि सरळ, शांतपणे, पायाखालची वाट माहीत असल्यासारखा, फलाट क्रमांक एककडे निघाला.

बाईंनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले.

"पाहा पाहा!" रंभाबाई काठावरून ओरडल्या. "बाई बलावून राह्यल्या बैलाले!"

बाईंनी मान जोरात हलवली, छातीवर हात मारला, तराफ्याकडे बोट दाखवलं.

"व्हय व्हय," बापूराव हात जोडून म्हणाले, डोळ्यांत पाणी आणून. "काल आवतन देल्लं, आज वाढूनही देऊन राह्यल्या. यवढं कोन करते जी? जा बापा साहेब्या, जा. पोटभर जेव!"

आणि साहेब्या जेवला. लोंब्यांचा पहिला घास त्यानं डोळे मिटून घेतला. काठावर टाळ्या पडल्या. बाईंचे हात हवेतच राहिले. वर्षभराचं खत, एकशे आठ फावडी, सहा फेऱ्या, सात सवाष्णी, सगळं त्या जबड्यात डावीकडून उजवीकडे जात होतं. एवढा अन्याय, आणि तो सांगायला तोंड नाही! बरं, पाहुणा तरी हळू जेवावा! मधुकरराव तेवढ्यात धावत आले, बायकोच्या ओठांकडे पाहिलं आणि त्यांना परिस्थिती कळली.

"अरे थांबवा!" ते ओरडले. "ते उद्यापनाचं धान आहे! पंचमीचं!"

टाळ्या थांबल्या. बापूरावांचा चेहरा पडला. तोवर साहेब्या फलाट क्रमांक दोनवर पोचला होता आणि शिंगात दोर अडकून दोन्ही तराफे त्याच्यामागे काठाकडे ओढले जात होते. शरमेनं लाल झालेले बापूराव पाण्यात उतरले, "हलकट, मरशीन का आता!" म्हणत त्यांनी बांबू उपटला आणि साहेब्याच्या पाठीवर उगारला. पोळ्याच्या दिवशी. कालच तूप लावलेल्या त्या खांद्यावर.

"खबरदार!"

तो आवाज कुठून आला हे क्षणभर कुणाला कळलं नाही. तळ्यावरचे बगळे उडाले. पलीकडच्या काठावरचे तीन बैल वळून पाहायला लागले. मधुकररावांच्या हातातून रजिस्टर पडलं.

"खबरदार त्याला हात लावाल तर! मी आवतन दिलंय! जेवत्या पाहुण्याला ताटावरून उठवता? तेही आजच्या दिवशी? ठेवा तो बांबू खाली! जेवू द्या त्याला!"

बापूरावांनी बांबू ठेवला. साहेब्या जेवला. फलाट एक संपवला, फलाट दोन संपवला, आणि तोंड वर करून तो एकदा मोठ्यानं हंबरला. बाई काठावर उभ्या होत्या. बावीस वर्षांचं मौन मोडलं होतं, सातव्या वर्षाचं व्रत बैलाच्या पोटात गेलं होतं, आणि सूर्य माथ्यावर यायला अजून दोन तास होते.

संध्याकाळी घरी सभाच भरली. रंभाबाईंच्या मते आता पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात करावी. बापूराव दारातच बसून होते, आत येत नव्हते. दीपमाला मात्र कुठेतरी गेलेली. ती परतली तेव्हा चिखलानं माखलेली होती आणि ओढणीत काहीतरी बांधलेलं होतं.

"म्हटलं होतं नं काकू, पिकली की झडते. तुमी काल नाई कापलं, रातभर झडून राह्यलं. सारं खतावर पडलेलं हाय. बैलानं वरचं खाल्लं, हे खालचं." तिनं ओढणी सोडली. ओंजळभर देवभात.

"पन ते बैलाचं उष्टं!" रंभाबाई म्हणाल्या. "अन तराफा त्यानंच ओढला, म्हंजे बैलाचे कष्ट झाले!"

"पोळ्याला बैलाची हक्काची सुट्टी असते," मधुकरराव करड्या आवाजात म्हणाले. "सुट्टीत हललेली गाडी रजिस्टरला चढत नाही."

सगळे बाईंकडे पाहायला लागले. बाई दाणे बोटानं चाळत होत्या.

"पाहुणा जेवून गेला की मागं राहतं ते उष्टं नसतं," त्या म्हणाल्या. "ते घरच्यांचं असतं. आणि रंभाबाई, जन्मभर आपण त्याच्या कष्टाचं खाल्लं. एक दिवस त्यानं बाईच्या कष्टाचं खाल्लं, तर तुम्हाला एवढं काय झालं? बापूराव, आत या. चहा घ्या."

पंचमीला सात सवाष्णी जेवल्या. हातानं कांडलेला देवभात प्रत्येकीच्या पानावर एक चमचा आला, बाईंच्या पानावर अर्धा. बाईंनी तो सगळ्यात शेवटी खाल्ला आणि सप्तऋषींना हात जोडून जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, बैलासकट. मौन मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून पुढच्या अमावास्येला दिवसभर बोलणार नाही, हेही कबूल केलं.

आठव्या दिवशी ग्रामपंचायतीचं पत्र आलं. मुकेशसाहेब अमावास्येला तलावापलीकडे तालुक्याशी फोनवर बोलत होते, तेव्हा त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मधुकररावांनी पत्र वाचलं: 'तात्पुरत्या मंडपाचे अर्जदार श्री. मधुकरराव यांनी अट क्रमांक चारचा भंग करून मर्यादेबाहेर आवाज केल्याबाबत खुलासा मागविण्यात येत आहे.'

बाईंनी चष्मा लावला, कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं खुलासा लिहिला. मग तो नवऱ्यापुढे धरला.

"'महोदय,'" मधुकरराव वाचू लागले. "'मंडप नव्हता. ध्वनिक्षेपक नव्हता. आवाज होता, आणि तो माझा होता. त्याच्याशी श्री. मधुकरराव यांचा काहीएक संबंध नाही. कृपया नोंदीत नाव दुरुस्त करावे. आपली, सौ. अन्नपूर्णा.'"

ते थांबले. बाईंचे ओठ हलले.

"काय म्हणालीस?" ते पुढे वाकले.

"पुन्हा वाचा," बाई म्हणाल्या. "रंभाबाई अंगणात आहेत. जरा मोठ्यानं."